लुसी विल्स : फोलेटचा माग काढणाऱ्या डॉक्टर

दिवस गेल्याचे कळले की डॉक्टर जी पहिली गोळी लिहून देतात, ती बहुधा फॉलिक ॲसिडची असते. औषधाच्या दुकानात ही गोळी ४०० मायक्रोग्रॅमपासून ५ मिलिग्रॅमपर्यंत वेगवेगळ्या ताकदीची मिळते. अलीकडे तिच्या शेजारी मिथाइलफोलेट नावाची महाग गोळीही दिसू लागली आहे. कोणती घ्यावी, किती घ्यावी, जास्त घेतली तर जास्त फायदा होतो का, हे प्रश्न आजचे वाटतात. पण साधारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका इंग्रज डॉक्टरांपुढेही असेच प्रश्न होते. औषध कोणत्या रूपात द्यायचे आणि किती द्यायचे? तेव्हा फोलेट हा शब्दही जन्माला आला नव्हता. त्या डॉक्टरांचे नाव लुसी विल्स.

वनस्पतिशास्त्राकडून वैद्यकाकडे

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. वडिलांकडचे घराणे हत्यारे आणि अवजारे बनवण्याच्या धंद्यातले, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधले नावाजलेले डॉक्टर. वडील स्वतः विज्ञानाचे पदवीधर होते, त्यामुळे मुलीने शास्त्र शिकण्यात घरच्यांना काही वावगे वाटले नाही. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात शालेय शिक्षण घेऊन १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनम महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे त्यांचे विषय. १९११ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देत असे, पदवी मात्र देत नसे. तो नियम बदलायला १९४८ साल उजाडावे लागले.

पुढची दोन-तीन वर्षे घरावर आघातांची होती. १९११ मध्ये वडील गेले, दोन वर्षांनी बहीण गेली. १९१४ मध्ये लुसी भाऊ आणि एका मैत्रिणीसह दक्षिण आफ्रिकेला गेल्या होत्या. तिथे असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाउनच्या एका रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वयंसेवक परिचारिका म्हणून काम केले. इंग्लंडला परतल्यावर जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. ब्रिटनमध्ये स्त्रियांना डॉक्टर होण्याचे शिक्षण देणारी ही पहिली संस्था. मुंबईच्या रखमाबाईंनी वैद्यकाचे शिक्षण घेतले तेही याच महाविद्यालयात, लुसींच्या आधी सुमारे पंचवीस वर्षे.

१९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, लुसी विल्स डॉक्टर झाल्या. त्यांनी दवाखाना मात्र थाटला नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्या संशोधन करू लागल्या आणि शिकवू लागल्या. गर्भारपणात स्त्रीच्या शरीरातल्या रासायनिक घडामोडी कशा बदलतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. याच अभ्यासामुळे आठ वर्षांनी त्यांना मुंबईचे बोलावणे आले.

परळची प्रयोगशाळा

मुंबईत आणि देशाच्या इतर भागांत गरोदर स्त्रियांना एका विचित्र रक्तक्षयाने ग्रासले होते. चेहरा पांढराफटक पडे, धाप लागे, पायांवर सूज येई आणि बाळंतपणाच्या सुमारास अनेक जणी दगावत. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या रुग्णांच्या रक्तात उलटा प्रकार होता. पेशींची संख्या कमी होती, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी होती. डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या पुढाकाराने मातामृत्यूंची चौकशी सुरू झाली आणि त्या कामासाठी लुसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. खर्चाचा भार इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने, म्हणजे आजच्या आयसीएमआरच्या पूर्वसंस्थेने, उचलला आणि लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टनेही साहाय्य केले.

परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचे काम सुरू झाले. आजूबाजूला कापडगिरण्या आणि चाळी. त्याच वर्षी गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला होता. कामगारांच्या घरात ताटात काय पडत होते, हे समजण्यासाठी फार लांब जावे लागत नव्हते. लुसी विल्स यांनी सुरुवातीला हा आजार एखाद्या जंतूमुळे होतो का, हेही तपासले. पण त्याचबरोबर त्यांनी एक साधे काम हाती घेतले. कोणत्या घरातल्या बायका काय खातात आणि कशा राहतात, याची पाहणी. एस. एन. तळपदे यांच्यासोबत केलेली मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीमानाची ही पाहणी १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. निष्कर्ष स्पष्ट होता. हा रक्तक्षय सगळ्या थरांत सारखा नव्हता. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुस्लिम स्त्रियांचा होता आणि सर्वाधिक रुग्णही त्यांच्यातच होत्या. प्रश्न ताटातल्या उणिवेचा असावा, असा अंदाज बळावला.

तो अंदाज पडताळायला प्राणी लागणार होते. गरीब घरांत असे तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदरांचे रक्त कमी झाले, गाभण माद्या पिले होण्याआधीच मेल्या. खाण्यात यीस्ट मिसळल्यावर मात्र रक्तक्षय टळला. उत्तर हाती आले असे वाटत असतानाच या प्रयोगातली एक गोम पुढे आली. उंदरांच्या रक्तक्षयामागे बार्टोनेला नावाचा जंतू होता आणि तो उवांमार्फत एका उंदराकडून दुसऱ्याकडे जात होता. म्हणजे उंदीर आणि माणूस यांचा आजार एक नव्हताच. कोणी हा निष्कर्ष बाजूला सारून पुढे गेले असते. लुसी विल्स यांनी उंदीर सोडले आणि माकडांकडे वळल्या. एच. एस. बिलिमोरिया यांच्यासह त्यांनी माकडांना तसाच निकृष्ट आहार दिला, तेव्हा माणसांसारखाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. हे काम १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाग औषध आणि स्वस्त बाटली

त्या काळात रक्तक्षयावरचे सर्वांत गाजलेले औषध म्हणजे यकृत. अमेरिकेतल्या मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये दाखवले होते की पर्निशियस ॲनिमिया या जीवघेण्या आजाराचे रुग्ण भरपूर यकृत खाल्ल्याने वाचतात. या शोधाला १९३४ मध्ये नोबेल मिळाले. रोज यकृत खाणे नको म्हणून त्याचा अर्क काढला जाऊ लागला आणि मग तो अधिकाधिक शुद्ध करण्याची चढाओढ लागली. मुंबईतला आजार दिसायला पर्निशियस ॲनिमियासारखाच होता, म्हणून त्याला गर्भारपणातला पर्निशियस ॲनिमिया असेच म्हटले जाई. यकृत या बायकांनाही लागू पडे. पण अर्क महाग होता. गिरणगावातल्या गरीब बाईला तो परवडणारा नव्हता आणि शाकाहारी घरात यकृत चालणारही नव्हते.

लुसी विल्स यांनी मार्माइट वापरून पाहिले. बिअर बनवताना उरलेल्या यीस्टपासून काढलेला हा खारट, गडद तपकिरी अर्क इंग्लंडमध्ये १९०२ पासून विकला जात होता. तिकडे तो पावाला लावून खातात. मुंबईतल्या रुग्ण स्त्रियांना तो दिल्यावर काही दिवसांतच रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. मज्जेने नव्या पेशी बनवायला सुरुवात केल्याची ती खूण होती. भूक परतली, हिमोग्लोबिन चढू लागले. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध आला. यकृताइतकाच गुण देणारी आणि त्याहून कितीतरी स्वस्त वस्तू गरीब रुग्णांच्या आवाक्यात आली होती. त्या अर्कातला गुणकारी घटक कोणता, हे कोणालाच माहीत नव्हते. काही काळ त्याला विल्स घटक असेच म्हटले जाई.

भारतातले त्यांचे काम केवळ मुंबईपुरते नव्हते. १९२९ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर त्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत होत्या, १९३१ च्या सुरुवातीला मद्रासला स्त्रियांच्या एका रुग्णालयात होत्या. १९३३ मध्ये त्या कायमच्या लंडनला परतल्या, तरी १९३७ च्या नोव्हेंबरात पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या.

त्याच १९३७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवलेली गोष्ट आजही महत्त्वाची आहे. यकृताचा कच्चा, ओबडधोबड अर्क या रक्तक्षयावर चालत होता, पण शुद्ध केलेला अर्क चालत नव्हता. पर्निशियस ॲनिमियाला मात्र शुद्ध अर्क उत्तम लागू पडत होता. दोन्ही आजारांत आणखीही फरक होते. पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णाच्या जठरात आम्ल तयार होत नाही आणि त्याच्या मज्जातंतूंना इजा होते. मुंबईतल्या बायकांमध्ये या गोष्टी आढळत नव्हत्या. याचा अर्थ यकृतात रक्त वाढवणारे दोन वेगळे घटक होते. शुद्धीकरणात एक टिकत होता आणि दुसरा टाकून दिलेल्या गाळात जात होता. टिकणारा तो पुढे ब-१२ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. जाणारा तो फोलेट.

घटकाला नाव मिळाले

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड पडले. पण पालकातून किंवा यकृतातून निघणारे प्रमाण इतके अत्यल्प की रुग्णांना पुरवणे अशक्य. हा प्रश्न न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत सुटला. तिथल्या संशोधन पथकाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे भाऊ तरुणपणीच स्प्रू या आतड्याच्या आजाराने गेले होते आणि स्प्रूवर पुढे जे औषध उपयोगी ठरले, तेही फॉलिक ॲसिडच. १९४५ मध्ये या पथकाने ते कृत्रिमरीत्या बनवले आणि मोठ्या पेशींच्या रक्तक्षयावर ते चालते, हेही लगेच दिसून आले. मार्माइटमधला विल्स घटक आता गोळीत मावू लागला.

फोलेट नसले तर पेशी मोठ्या का होतात, तेही उलगडत गेले. पेशीचे विभाजन होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. डीएनएचे सुटे भाग जुळवायला फोलेट लागते. ते कमी पडले की पेशी वाढत राहते, पण तिचे दोन भाग होत नाहीत. गर्भारपणात पोटातल्या बाळाच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, म्हणून आईची गरजही वाढते. आधीच अपुऱ्या आहारावर असलेल्या बाईचा साठा अशा वेळी संपून जातो. परळच्या प्रयोगशाळेत दिसलेला आजार याच हिशेबाचा होता.

दुसऱ्या महायुद्धात लुसी विल्स आपत्कालीन वैद्यकीय सेवेत रोगनिदानतज्ज्ञ म्हणून राबल्या. १९४४ च्या जुलैत रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मन उडता बॉम्ब पडला आणि तिथले काम काही काळ विस्कळीत झाले. १९४७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या तिथल्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि रक्तविज्ञानाचा स्वतंत्र विभागही त्यांनीच उभा केला. निवृत्तीनंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असा प्रवास करत त्यांनी आहार आणि रक्तक्षय यांची पाहणी चालू ठेवली. आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्या लंडनमधल्या चेल्सी भागाच्या नगरपरिषदेत मजूर पक्षाच्या सदस्य होत्या. त्यांनी लग्न केले नाही. एप्रिल १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर विल्स घटक हे नाव विस्मरणात गेले होते. त्याची जागा फॉलिक ॲसिड या नावाने घेतली होती.

बाळाच्या मणक्याची गोष्ट

लुसी विल्स यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी फोलेट आणि गर्भातले व्यंग यांचा संबंध असावा, अशी शंका मांडली. गर्भ तयार होताना मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका नळीच्या रूपात असतात. ही नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. ती नीट मिटली नाही तर पाठीच्या कण्यात किंवा डोक्याच्या कवटीत गंभीर व्यंग राहते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. आधी असे व्यंग असलेले बाळ झालेल्या स्त्रियांनी रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतले, तेव्हा पुन्हा तसे व्यंग होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. त्यानंतर चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसून आले की आधी असा इतिहास नसलेल्या स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅमनेही मोठा फायदा होतो.

इथे वेळेचे गणित महत्त्वाचे ठरते. २८ दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. अनेकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. म्हणून मूल हवे असे ठरवल्यावर, गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी, असा सल्ला दिला जातो. भारताच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही गर्भधारणेआधी आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सांगितले आहे. चौथ्या महिन्यापासून ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड यांची एकत्र गोळी सुरू होते आणि ती बाळंतपणानंतरही चालू ठेवायची असते.

कोणते रूप, किती मात्रा?

आता दुकानातल्या प्रश्नाकडे येता येईल. भाज्या, डाळी, यकृत यांतले फोलेट लांबलचक साखळीच्या रूपात असते. आतड्यात ती साखळी तोडली जाते आणि मगच ते शोषले जाते, त्यामुळे त्यातला काही भाग वाया जातो. गोळीतले फॉलिक ॲसिड सुटे असते आणि टिकाऊही. अन्नातले १ मायक्रोग्रॅम फोलेट हे जेवणासोबत घेतलेल्या सुमारे ०.६ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडच्या, तर रिकाम्या पोटी घेतलेल्या ०.५ मायक्रोग्रॅमच्या बरोबरीचे धरतात. अन्नातले फोलेट उष्णतेने नासते आणि पाण्यात उतरते. आपल्याकडे अंबाडीची भाजी उकडून, पिळून पाणी टाकून देतात, तेव्हा फोलेटचा बराच वाटा त्या पाण्याबरोबर जातो. पालक, चवळी, मूग, हरभरा, शेंगदाणे रोजच्या जेवणात असावेत, पण मूल ठरवताना केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

फॉलिक ॲसिड हे शरीराला थेट वापरता येत नाही. यकृतातली विकरे ते पायरीपायरीने मिथाइलफोलेटमध्ये बदलतात. एका वेळी सुमारे २०० मायक्रोग्रॅमहून जास्त घेतले तर काही फॉलिक ॲसिड न बदलता रक्तात फिरत राहते. मिथाइलफोलेटची गोळी ही मधली पायरी ओलांडते, म्हणून ती अधिक चांगली अशी जाहिरात होते. एमटीएचएफआर नावाच्या जनुकात फरक असलेल्यांना तर फॉलिक ॲसिड चालतच नाही, असेही सांगितले जाते. ते खरे नाही. या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या, तरी तितकेच फॉलिक ॲसिड घेऊन रक्तातली फोलेटची पातळी इतरांपेक्षा सरासरी सुमारे १६ टक्केच कमी राहते. रोजच्या ४०० मायक्रोग्रॅममध्ये ही तूट भरून निघते. बाळाच्या मज्जारज्जूचे व्यंग टाळण्याचा पुरावा आज मोठ्या चाचण्यांतून मिळालेला आहे तो फॉलिक ॲसिडचा. मिथाइलफोलेट वाईट नाही, रक्तातली पातळी तेही वाढवते. पण मूल हवे असलेल्या स्त्रीने केवळ महाग म्हणून ते निवडण्यात अर्थ नाही. फोलिनिक ॲसिड हे आणखी एक रूप मुख्यतः काही कर्करोग-उपचारांत डॉक्टर वापरतात. रोजच्या पूरक गोळीसाठी ते लागत नाही.

मात्रेचा प्रश्न याहून नाजूक आहे. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, ४०० च्या बारा पटींहूनही अधिक. ४ ते ५ मिलिग्रॅमची मात्रा आधीच्या बाळाला व्यंग असलेल्या, मिरगीची काही औषधे घेणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या स्त्रियांसाठी डॉक्टर ठरवतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनाही ती आठवड्यातून ठरावीक दिवशी दिली जाते. बाकी सगळ्यांनी केवळ दुकानात मिळते म्हणून मोठी गोळी वर्षानुवर्षे घेत राहू नये.

याचे कारण पुन्हा यकृताच्या त्या दोन घटकांत आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पर्निशियस ॲनिमियाच्या रुग्णांना फॉलिक ॲसिड देऊन पाहिले गेले. रक्त सुधारले, हिमोग्लोबिन वाढले. पण हातापायांतली बधिरता, चालताना जाणारा तोल तसाच राहिला किंवा वाढला. ब-१२ ची कमतरता रक्तात झाकली गेली आणि मज्जातंतूंचे नुकसान मात्र चालू राहिले. याच धोक्यामुळे अमेरिकेत १९९८ मध्ये गोळीतून किंवा फॉलिक ॲसिड घातलेल्या अन्नातून मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडची प्रौढांसाठीची वरची मर्यादा दिवसाला १,००० मायक्रोग्रॅम ठरवली गेली. भाजीपाल्यातल्या फोलेटला ती लागू नाही.

महाराष्ट्रात या मुद्द्याला विशेष वजन आहे. ब-१२ प्राणिजन्य अन्नातूनच मिळते, त्यामुळे दूध-दही कमी खाणाऱ्या शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ कमी होते, फोलेट कमी असलेली स्त्री मात्र एकच निघाली. ज्या आईचे फोलेट जास्त आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. असा संबंध दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. तरीही गिरणगावात लुसी विल्स यांना जी उणीव दिसली होती, तिच्या जागी दुसरी उणीव आली आहे, हे या अभ्यासावरून लक्षात येते.

म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी निवडताना क्रम सोपा ठेवावा. मूल हवे असेल तर ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, गर्भधारणेच्या निदान महिनाभर आधीपासून. शाकाहार असेल, मेटफॉर्मिन चालू असेल, वय जास्त असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील तर फोलेट वाढवण्याआधी ब-१२ तपासून घ्यावे. पाकिटावर मिलिग्रॅम लिहिले आहे की मायक्रोग्रॅम, हे दोनदा वाचावे. बहुजीवनसत्त्वाची वेगळी गोळी चालू असेल तर तिच्यातले फॉलिक ॲसिडही बेरजेत धरावे. मोठी मात्रा डॉक्टरांनी कारण सांगून दिली असेल तर ती स्वतःहून कमी करू नये, आणि कारण माहीत नसेल तर पुढच्या भेटीत जरूर विचारावे.